निकालानंतरचा रविवार

पाळक म्हणून सतरा वर्षं झाली, दर रविवारी देशासाठी प्रार्थना करतोच, पण ९ जून २०२४ चा रविवार अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

चर्च नगरमधलं. आमच्याकडे लोकसभेचं मतदान १३ मेला झालं आणि निकाल ४ जूनला, मधले तीन आठवडे मंडळीत नुसती कुजबुज. निकालही असा लागला की दिल्लीत एनडीएला २९३ जागा, सरकार त्यांचंच, पण नगरची सीट विरोधकांनी काढली. म्हणजे चर्चमधला जवळपास प्रत्येकजण अर्धा जिंकलेला नि अर्धा हरलेला.

बाहेरच्यांना माहीत नसतं, पण शास्त्रपाठ आम्ही मनाने निवडत नाही, कुठल्या रविवारी बायबलमधलं काय वाचायचं याची तीन वर्षांच्या चक्राची यादी, म्हणजे पाठावली, ठरलेली असते. त्या रविवारी नेमका निघाला १ शमुवेल या पुस्तकाचा ८ वा अध्याय. लोक शमुवेलाकडे राजा मागतात आणि तो बजावतो, राजा तुमची मुलं रथांवर नेईल, शेतं नि द्राक्षमळे घेईल, कळपांचा दहावा हिस्सा घेईल. शुभवर्तमान मार्क ३, फूट पडलेलं राज्य टिकत नाही. शनिवारी चर्चचा कारभार बघणाऱ्या एका पंचांचा फोन, "पाळकसाहेब, हे मुद्दाम काढलंत ना?" पाठावलीच्या पानाचा फोटो पाठवला तरी पटेना. खूप लागलं मनाला, आधी वचन वाचा आणि मग संशय घ्या ना.

त्यांना प्रार्थनेत निकालाबद्दल उपकारस्तुतीही हवी होती. बायबलमध्ये प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो की विनंत्या, प्रार्थना, रदबदल्या व उपकारस्तुती सगळ्या माणसांसाठी करा, राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठीसुद्धा. मी म्हटलं मतदान पार पडलं त्याबद्दल आभार मानीन, कोण जिंकलं त्याबद्दल नाही. रदबदली हा शब्द मला फार जवळचा आहे, कुणासाठी तरी मध्ये पडून शब्द टाकायचा, मग आपण त्याला मत दिलेलं असो नसो. नाव घ्यायचं नाही, फक्त पद घ्यायचं ही आमची रीत. पण शपथविधी त्याच संध्याकाळी सव्वासातला, म्हणजे सकाळच्या उपासनेच्या वेळी सरकार काळजीवाहू, तेवढ्या एका ओळीवर मी शुक्रवारपासून अडलो होतो. शेवटी लिहिलं, "देशाचा कारभार ज्यांच्या हाती आहे आणि आज सोपवला जाणार आहे."

प्रत्येक ओळीनंतर मंडळीने म्हणायचं, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक." पंतप्रधानांची ओळ आली तेव्हा पुढच्या बाकांवरून जोरात आलं, मागचे बाक गप्प. नव्या खासदारांची आली तेव्हा बरोबर उलटं. पुलपिटावर हे इतकं स्पष्ट ऐकू येतं की माझाच आवाज अडखळला, आणि तेवढ्यात मागचा एक तरुण सभासद उठून बाहेर गेला.

मग मोकळ्या प्रार्थनेची वेळ. बराच वेळ कोणी बोलेना. शेवटी एक आजी उभ्या राहिल्या, "देवबापा, माझी सून शाळेत शिकवते, मे महिन्याच्या उन्हात इलेक्शन ड्युटी केली, अजून डोकं धरतंय तिचं, तिला बरं कर. आणि जे हरले त्यांच्या घरी आता कोण जात नसंल, तू जा." आमेन सगळ्या बाकांवरून आलं.

माझ्या कागदावर हरलेल्यांसाठी एक ओळ नव्हती. तीन दिवस घासून लिहिलेला कागद.

तो तरुण नंतर पायऱ्यांवर भेटला. म्हणाला, "मनातून मागता येत नाही त्याच्यासाठी तोंडदेखलं म्हणू का? देवापुढे खोटं होत नाही का ते?" मी त्याला शमुवेलाचं पुढचं सांगितलं, राजा नको म्हणणारा तोच माणूस बाराव्या अध्यायात म्हणतो की तुमच्यासाठी प्रार्थना करायचं सोडलं तर ते माझं पाप होईल. तो म्हणाला, "शमुवेल संदेष्टा होता, साहेब."

येतो तो अजून, मागेच बसतो. ती ओळ आली की मी डोळे मिटून घेतो, त्याचे ओठ हलतात का ते बघायचं नाही म्हणून.