इसुरावाची वारी

मेलबर्नच्या उत्तरेला किंग्जबरी नावाचं उपनगर आहे. ला ट्रोब विद्यापीठ शेजारीच, त्यामुळे भारतीय विद्यार्थी पुष्कळ. आपली मराठी पोरंपोरीही भेटतात. हे नाव ब्रूस किंग्जबरी या ऑस्ट्रेलियन सैनिकाचं. दुसऱ्या महायुद्धात, २९ ऑगस्ट १९४२ रोजी, पापुआच्या (आताच्या पापुआ न्यू गिनीच्या) डोंगरात, इसुरावा इथे, तो जपान्यांशी लढताना मारला गेला. वय २४. तो जिथे पडला त्या जागेपर्यंत पायी जायचं, हे माझ्या मनाने घेतलं होतं.

वाट कोकोडाची. ओअर्स कॉर्नरपासून कोकोडा गावापर्यंत ९६ किलोमीटर. काही जण कोकोडाकडून निघतात, मी मुद्दाम दक्षिणेकडून निघाले, कारण त्या ऑगस्टमध्ये ब्रूसची २/१४ बटालियन याच बाजूने चढत गेली होती. गोल्डी नदी ओलांडली की इमिटाची धार समोर उभी राहते आणि मग चढ-उतार संपतच नाहीत. चढावर दम लागतो, पण खरा कस लागतो तो उतारावर. झाडांची मुळं पावसाने गुळगुळीत झालेली, त्यांच्यामध्ये घोट्याएवढा लाल चिखल. काठी आधी रोवायची, ती धरली की मगच पाय टाकायचा. दुपारी पाऊस ठरलेला. संध्याकाळी बूट काढले की बोटं पांढरीफटक, सुरकुतलेली. पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर चालले तेव्हा अभंगाच्या तालावर पाय आपोआप उचलत होते. इथे बोलायलाही श्वास उरत नाही. मनातल्या मनात ‘ज्ञानोबा माऊली तुकाराम’ चालू ठेवलं, तेवढ्यावर मी चढ चढले. आणि माझी मोठी सॅक हमालाच्या पाठीवर होती. ब्रूसबरोबरच्या त्या पोरांनी बंदूक, गोळ्या, शिधा असं वीसेक किलोंचं ओझं घेऊन हीच वाट तुडवली आणि वर पोचताच लढायला उभी राहिली.

ब्रूसचा जन्म ८ जानेवारी १९१८ चा, मेलबर्नमधल्या आर्माडेलचा. शिकला छपाईचं काम, पण लागला वडिलांच्या घर-जमिनीच्या धंद्यात. ॲलन एव्हरी हा त्याचा अगदी लहानपणापासूनचा दोस्त. विशीही गाठली नव्हती तेव्हा दोघं घर सोडून मरी नदीकडच्या शेतांवर राबायला गेले, आणि १९३६ मध्ये तिथून मजल दरमजल करत, वाटेत मिळेल ते काम करत, त्यांनी सिडनी गाठली. मला त्याच्या आयुष्यातला हा भाग सगळ्यात आवडतो. पुढे १९४० च्या मे महिन्यात तो आईवडिलांच्या मनाविरुद्ध सैन्यात भरती झाला. त्याला आधी दुसऱ्याच तुकडीत घातलं होतं; ॲलन २/१४ मध्ये आहे म्हणून त्याने बदली मागून घेतली. १९४१ मध्ये सीरियाच्या लढाईतही दोघं बरोबर होते.

जपानी सैन्य २१ जुलै १९४२ ला पापुआच्या उत्तर किनाऱ्यावर उतरलं. डोंगर ओलांडून पोर्ट मोर्सबी घ्यायचं, हा त्यांचा बेत. मधल्या कोकोडाला विमानाची धावपट्टी होती, म्हणून त्या एवढ्याशा गावाला एवढं मोल. महिनाअखेरीस ते त्यांच्या हातात पडलं. ३९ व्या बटालियनची कोवळी, अर्धवट शिकवलेली पोरं मागे हटत इसुरावाला पाय रोवून उभी राहिली, आणि त्यांच्या मदतीला २/१४ वर आली.

एफोगीच्या अलीकडे, ब्रिगेड हिलच्या चढावर, माझ्या हमालाने सांगितलं की त्याचे आजोबा याच वाटेवर जखमी सैनिक वाहून नेत. एका स्ट्रेचरला आठ-आठ माणसं लागत. अशा चिखलात, स्वतः अनवाणी, ते पोटच्या पोराला जपावं तसं त्या जखमींना जपत. यांतल्या कितीतरी जणांना ऑस्ट्रेलियन प्रशासनाने जबरदस्तीने गावातून उचललं होतं. ऑस्ट्रेलिया सरकारने त्यांच्यासाठी स्मृतिपदक काढलं ते २००९ साली, म्हणजे बहुतेक जण गेल्यावर. मला हे फार लागलं. ब्रूसपुढे मी हात जोडायला निघाले होते, तसे या माणसांपुढेही जोडायला हवेत.

माउंट बेलामीच्या शेवाळलेल्या रानातून उतरून, इओरा क्रीक ओलांडून, अलोलामार्गे इसुरावाला पोचलो. समोर दरी उघडते. काळ्या ग्रॅनाइटचे चार खांब, २००२ साली उभारलेले. धैर्य, चिकाटी, सोबत्याशी इमान आणि बलिदान असे चार गुण इंग्रजीत त्यांच्यावर कोरलेत. जवळच तो खडक, आता किंग्जबरीचाच म्हणतात.

त्या दिवशी जपान्यांनी बगल फोडली होती आणि बटालियनचं मुख्य ठाणं धोक्यात आलं होतं. ब्रूसच्या प्लाटूनमधले मोजकेच उरले होते. तो आपण होऊन दुसऱ्या प्लाटूनच्या प्रतिहल्ल्यात सामील झाला. ब्रेन गन, म्हणजे हलकी मशिनगन, कमरेशी धरून, समोरून मशिनगनचा मारा चालू असताना, गोळ्या झाडत तो पुढे धावला. वाट मोकळी झाली, ठाणं वाचलं. तेवढ्यात लपलेल्या नेमबाजाच्या गोळीने तो या खडकाशी कोसळला. ॲलनने त्याला उचलून उपचारठाण्यावर नेलं, पण जीव केव्हाच गेला होता. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातल्या भूमीवरच्या लढाईसाठी दिलेला तो पहिलाच. शौर्यपदकाच्या मजकुरात धावणं आहे, गोळ्या आहेत. मी खडकाला हात लावला तेव्हा माझ्या मनात ॲलन होता. ज्याच्याबरोबर सिडनीपर्यंत गेला, त्याला त्याने इथून उचलून नेलं. मी मोठ्याने पसायदान म्हटलं. बरोबरची मंडळी टोप्या काढून शेजारी उभी राहिली.

पुढे डेनिकीवरून कोकोडा, तिथून छोट्या विमानाने पोर्ट मोर्सबी. शहराबाहेर बोमाना इथल्या युद्ध स्मशानभूमीत ब्रूसची कबर आहे. तिथल्या कबरी तीन हजारांहून जास्त. वयं वाचत रांगेने चालले: १९, २१, २० वर्षं.

कुणाला जायचं असेल तर आधी काही महिने पाठीवर वजन घेऊन डोंगर चढायचा सराव करा, मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून वेळेवर सुरू करा. आणि हमाल त्या वाटेवरच्या गावचाच घ्या, त्याला पुरेसे पैसे द्या. मुक्कामाला रताळी भाजायला बसलं की त्याला आजोबांबद्दल विचारा. माझा हमाल रात्री उशिरापर्यंत बोलत होता.