चावी फिरवू नकोस

आमच्या गाडीचा विमा नऊ वर्षं काकांनी उतरवला. काका नात्यातले नाहीत. वडिलांच्या वेळेपासूनचे विमावाले. आषाढ लागला की फोन यायचा, ‘चेकबुक घरी आहे ना? संध्याकाळी येतो.’ रेनकोट गॅलरीत निथळत ठेवून ते चहा घ्यायचे, मी दाखवतील तिथे सही करायचो आणि विषय वर्षभरासाठी मिटायचा. यंदा काका मुलाकडे पुण्याला राहायला गेले. जाताना म्हणाले, ‘आता सगळं ऑनलाइन असतं रे. पाच मिनिटांचं काम.’

सुरुवात तर झकास झाली. एमएच १५ लिहून पुढचा नंबर टाकला, तर गाडीचं मॉडेल, नोंदणीचं साल, सगळं आपोआप पडद्यावर. किंमत मात्र मोबाइल नंबर दिल्याशिवाय दिसेना. येवल्याला पैठणी बघायला गेलं तर दुकानदार पन्नास साड्या उलगडतो, पण दारातच फोन नंबर मागत नाही. दिला नंबर. किमतीचं पान उघडायच्या आत फोन वाजला. ‘सर, आप अभी हमारी वेबसाइट देख रहे हैं ना?’ मी दचकून खिडकीकडे बघितलं.

किमती एकाखाली एक आल्या. सगळ्यात स्वस्त कोणती ते लगेच कळलं. ती स्वस्त का, हे कळायला अर्धा तास गेला. तिथे आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, पाऊण लाखानं कमी धरली होती. म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली, तर तेवढे पैसे कमी मिळणार. गाडी पाच वर्षांची होईपर्यंत घसाऱ्याचा, म्हणजे वयाबरोबर किंमत किती घटते त्याचा, तक्ता ठरलेला असतो. त्यापुढे ही रक्कम मालकानं आणि कंपनीनं आपसात ठरवायची, असा नियम. माझ्याशी कुणीच काही ठरवलं नव्हतं. पडद्यावर फक्त एक ठिपका होता, डावी-उजवीकडे सरकणारा, आणि तो आधीच पार डावीकडे नेऊन ठेवलेला. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीचा, हप्ता तर सरकारच ठरवतं. हजार ते दीड हजार सीसीच्या गाडीला जून २०२२ पासूनचा दर ३,४१६ रुपये, कुठल्याही कंपनीकडे गेलात तरी तोच. मग उरलेल्या भागातच काय ती चढाओढ. वर १८ टक्के जीएसटी, तोही अगदी शेवटच्या पानावर.

मग प्रश्न आला: मागच्या वर्षी क्लेम घेतला होता का? होय किंवा नाही. इथे आमच्या घरात चर्चासत्र भरलं. दिवाळीच्या आधी बायकोनं पार्किंगच्या खांबाला बंपर घासला होता (तिच्या मते खांबच रस्त्यात आहे). ते पैसे कंपनीनं दिले की आपण? चुकीचं ‘नाही’ लिहावं तर पुढचा क्लेम अडकणार. शेवटी टीव्हीखालच्या खणात गॅरेजचं बिल सापडलं आणि काकांचं तेव्हाचं बोलणं आठवलं. ‘बंपर प्लॅस्टिकचा. प्लॅस्टिकला घसारा ५० टक्के. चार हजारांच्या बंपरचे कंपनी दोन धरणार, त्यातले प्रत्येक क्लेमला मालकानं सोसायचे सक्तीचे हजार तुझे. हातात हजार. त्यासाठी नो क्लेम बोनस घालवतोस?’ हा बोनस म्हणजे हप्त्यातली सूट. सलग पाच वर्षं क्लेम न घेता ५० टक्क्यांवर पोचलेला बोनस एका क्लेममध्ये शून्य होतो. ही सगळी आकडेमोड काकांनी गॅरेजच्या दारात, छत्री मिटता मिटता केली होती.

पुढे जादाच्या कव्हरांची यादी होती. काहींवर आधीच खुणा केलेल्या. लग्नाच्या पंगतीत आग्रहानं वाढतात तसं. चावी हरवली तर, ऑइल सांडलं तर. आणि इंजिन प्रोटेक्ट. तिथे मात्र थांबलो.

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो आणि पुराचं माप नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याला आलं. ऑगस्ट २०१९ मध्ये मारुती बुडाला, त्या दिवशी काकांनी आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना फोन केले होते. ‘गाडी गंगेवर असेल तर काढ. बुडालीच, तर चावी फिरवू नकोस. तशीच टोइंग करून आण.’ पुराचं नुकसान साध्या विम्यातही मिळतं. पण पाण्यात गाडी सुरू केली आणि इंजिन बसलं, तर ते नुकसान आपल्या माथी. हे कव्हर नेमकं त्यासाठी. पडद्यावर त्याचं वर्णन होतं, ‘मनःशांतीसाठी’. मी घेतलं. काकांनी घेऊ दिलं असतं की नाही, कोण जाणे.

पैसे भरायच्या वेळी ओटीपी आला आणि नेमका तेव्हाच पुन्हा फोन वाजला. तो कापेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. असं तीनदा. चौथ्यांदा जमलं, तेव्हा सव्वाबारा वाजले होते.

त्याच आठवड्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं. संध्याकाळी अख्खं गाव निघतं तसे आम्हीही पूर बघायला होळकर पुलावर गेलो. नव्या विम्याची गाडी घरीच ठेवली, उगाच कशाला म्हणून, स्कूटर काढली. पुलावर ही गर्दी. पाणी मारुतीच्या कमरेच्या वर होतं. कणीस खाता खाता बायको म्हणाली, ‘काय हो, या स्कूटरचा विमा कधी संपतो?’

मी काकांना फोन लावला.