सात आठवडे उभी राहिलेली गाडी आणि बॅटरीचा हिशेब

पहिल्यांदा सात आठवडे बाहेर राहून परतले, तेव्हा रिमोटचे बटण दाबूनही गाडी उघडली नाही. रिमोटमध्ये बसवलेली साधी किल्ली काढून दार उघडले, आत बसून स्टार्टर फिरवला, तर डॅशबोर्डवरचे दिवेदेखील लागले नाहीत. दुसऱ्या गाडीवरून केबल जोडून इंजिन सुरू करून घेतले आणि प्रश्न सुटला असे समजून मी तो विषय सोडून दिला. पुढच्या पंधरा दिवसांत गाडी आणखी दोनदा बंद पडली. शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत राहिली, की तिच्या पट्ट्यांवर जमलेले लेड सल्फेट कठीण होत जाते आणि मग कितीही चार्ज केली तरी तिची मूळ क्षमता परत येत नाही, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते.

नवी बॅटरी बसवणाऱ्या वयस्क इलेक्ट्रिशियनने काम संपताना मला सांगितले, "ताई, बॅटरी मी बदलून दिली आहे, पण जुनी कशाने खाल्ली ते शोधल्याशिवाय पुन्हा इतके दिवस गाडी सोडून जाऊ नका." पुढचा प्रवास ठरल्यावर मी ते वाक्य मनावर घेतले आणि निघण्याच्या दहा दिवस आधीच मल्टीमीटर, म्हणजे व्होल्टेज आणि प्रवाह मोजणारे यंत्र, घेऊन बसले.

गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर आणि संगणकांची स्मृती थोडा प्रवाह घेतच असतात. हा प्रवाह साधारणपणे ५० मिलीअँपिअरच्या आत असावा, असे मानले जाते. तो मोजण्यासाठी निगेटिव्ह केबल बॅटरीपासून सोडवून, केबल आणि टर्मिनल यांच्या मध्ये मीटर १० अँपिअरच्या रेंजवर जोडावा लागतो. मीटर असा जोडलेला असताना इग्निशन चालू करायचे नाही आणि स्टार्टर तर मुळीच फिरवायचा नाही, कारण स्टार्टर शंभराहून अधिक अँपिअर ओढतो आणि मीटरचा फ्यूज तत्काळ उडतो. फ्यूजच्या डब्यापर्यंत पोहोचता यावे म्हणून मी ड्रायव्हरचे दार उघडे ठेवले, पण त्याच्या कडीची खाच स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद केली, म्हणजे गाडीला दार लागलेले आहे असेच वाटते. किल्लीही घरात दूर ठेवून आले.

मीटर जोडताच आकडा ३ अँपिअरच्या वर गेला आणि मी घाबरले. पण तो दोष नव्हता. वीज पुन्हा मिळाल्यामुळे गाडीचे सगळे संगणक जागे झाले होते. त्यांना झोपायला वेळ लागतो, म्हणून थांबावेच लागते. आकडा टप्प्याटप्प्याने उतरत गेला आणि पंचवीस मिनिटांनी ०.२४ वर येऊन तिथेच राहिला. २४० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला ५.७६ अँपिअर-तास. माझी बॅटरी ४५ अँपिअर-तासांची आहे, म्हणजे आठ दिवसांत ती जवळजवळ रिकामी होणार. सात आठवड्यांचा प्रश्नच उरत नव्हता.

त्यानंतर एकेक फ्यूज काढून मी मीटरकडे बघत राहिले. बराच वेळ काही फरक पडला नाही. मग डॅशकॅमची तार ज्या फ्यूजला जोडली होती तो काढला आणि आकडा थेट ०.०२२ वर आला. कॅमेरा बसवताना ती तार इग्निशनवर चालणाऱ्या फ्यूजऐवजी सतत वीज असणाऱ्या फ्यूजला जोडली गेली होती. मी ती त्याच दिवशी बदलून घेतली.

खरे महत्त्वाचे गणित मात्र यानंतरचे आहे. २२ मिलीअँपिअर हा निर्दोष गाडीचा आकडा असला, तरी ४९ दिवसांत तोही सुमारे २६ अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीच्या निम्म्याहून अधिक वीज घेतो. नातेवाइकांना आठवड्यातून एकदा पाच मिनिटे इंजिन चालू करायला सांगण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला होता. आठवड्याचा खर्च ३.७ अँपिअर-तास असताना, उभ्या गाडीत अल्टरनेटरने (इंजिनवर चालणाऱ्या जनित्राने) बॅटरीला २० अँपिअर दिले असे धरले, तरी पाच मिनिटांत दोन अँपिअर-तासही भरत नाहीत. पार्किंगमध्ये वीज असती, तर मी चार्ज टिकवून ठेवणारा स्वयंचलित चार्जरच लावला असता. ती सोय नसल्यामुळे बॅटरी सोडवून ठेवणे हाच योग्य मार्ग उरला.

निघण्याच्या आदल्या रात्री बॅटरी चार्जरवर पूर्ण भरली, आणि सकाळी काही तास तशीच ठेवून व्होल्टेज पाहिले, ते १२.७ होते. (१२.२ च्या आसपास दिसले, तर बॅटरी निम्मी उतरली आहे असे समजावे.) काचा लावल्या, डिकी बंद केली, स्टिरिओचा कोड लिहून घेतला, आणि मगच १० मिलिमीटरच्या पान्याने निगेटिव्ह टर्मिनल सैल केले. निगेटिव्ह आधी काढायचे कारण असे, की पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना चुकून गाडीच्या बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट सर्किट होते. जोडताना म्हणूनच क्रम उलटा असतो. केबलचे टोक कोरड्या कापडात गुंडाळून बाजूला दाबून ठेवले, जेणेकरून ते परत टर्मिनलला टेकणार नाही. बॉनेट लावल्यावर दार साध्या किल्लीने बंद केले, कारण सेंट्रल लॉक आता चालणार नव्हते. ज्यांची बॅटरी डिकीत असते किंवा गाडीत इंजिन आपोआप बंद-चालू होण्याची सोय असते, त्यांनी मात्र पाना हातात घेण्यापूर्वी गाडीची पुस्तिका जरूर वाचावी.

सात आठवड्यांनी परतल्यावर आधी मीटर लावला. व्होल्टेज १२.५८ होते. केबल जोडली, टर्मिनल घट्ट केले, आणि इंजिन पहिल्याच फेरीत सुरू झाले. घड्याळ लावावे लागले, स्टिरिओने कोड मागितला, आणि ड्रायव्हरची काच एका दाबात वर जाईना. बटण काच पूर्ण वर गेल्यावरही काही सेकंद ओढून धरले, तेव्हा तीही पूर्ववत झाली.