लाल कार्ड दिसलं की आवरायचं

सांगलीला आपण अभिमानाने नाट्यपंढरी म्हणतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ केलं ते तिथंच. आणि त्याच गावचा मी, इथे इंग्लंडमध्ये लीड्सच्या ऑफिसात मीटिंगला बोलायची पाळी आली की पाण्याची बाटली शोधायचो. इंग्रजीची अडचण नव्हती. सगळे आपल्याकडे बघताहेत म्हटलं की मुद्दे कुठल्या कुठे पळायचे.

शाळेत भाषणं केली होती की! १ ऑगस्टला टिळकांची पुण्यतिथी आणि आपल्या वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांची जयंती. काका लिहून द्यायचे, मी ‘अध्यक्ष महाशय’पासून घडाघडा म्हणायचो, कंपासपेटी घेऊन घरी. मध्येच कुणी साधा प्रश्न विचारला असता तर तिथंच गाडी अडली असती.

ऑफिसातल्या एकीने टोस्टमास्टर्सचं नाव सुचवलं. राल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावी सुरू केलेले हे भाषणाच्या सरावाचे क्लब आता जगभर आहेत. मास्तर कुणीच नाही. सभासदच बोलतात आणि सभासदच एकमेकांचं काय चुकलं ते सांगतात. दरवेळी कामं वाटून दिलेली असतात. एकाने घड्याळ सांभाळायचं. दुसऱ्याने कोण किती वेळा ‘अं’, ‘सो’, ‘यू नो’ म्हणालं ते मोजायचं आणि शेवटी सगळ्यांदेखत वाचून दाखवायचं. पहिलं भाषण स्वतःविषयी, चार ते सहा मिनिटांचं. चार झाली की हिरवं कार्ड, पाचला पिवळं, सहाला लाल. आपल्याकडच्या सत्कार समारंभांना ही कार्डं सक्तीची करायला हवीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी सांगलीतल्या २०१९ च्या महापुरावर बोललो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. ज्यांच्या नावाचा तो पूल, त्या लॉर्ड आयर्विनचं घराणं इथल्याच यॉर्कशायरचं, हे ऐकून दोघं-तिघं सरसावून बसले. नंतर माझ्या भाषणावर बोलायला एक निवृत्त बसड्रायव्हर उठले. म्हणाले, आकडे सांगताना तू खिडकीकडे बघत होतास. आत्यानं लोणच्याच्या बरण्या माळ्यावर चढवल्या हे सांगायला लागलास तेव्हा आमच्याकडे बघितलंस, तिथून मी ऐकायला लागलो. आपल्याकडे भाषण झालं की एक तर ‘छान झालं’ म्हणतात, नाहीतर पाठीमागे हसतात. नेमकं कुठं छान झालं आणि कुठं घसरलं, ते मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

यंदा दिवाळीत सांगलीला विश्रामबागेत भावाच्या गच्चीवर आम्ही हाच खेळ मांडला, मराठीतच. वहीचे पुठ्ठे रंगवून कार्डं, मोबाइलवर वेळ, मध्ये भडंगाचं पातेलं. चिठ्ठी उचलायची आणि त्यावरच्या विषयावर एक ते दोन मिनिटं बोलायचं, तयारी नाही. हळदीच्या सौद्यात दिवसभर आवाज चढवणारे मामा चिठ्ठी वाचून गप्पच झाले. विषय होता, ‘बायकोला न सांगता केलेली खरेदी’. मामी समोरच बसल्या होत्या! वहिनींनी मात्र बाजी मारली. स्कूटर शिकतानाचा किस्सा सांगताना त्या इतक्या रंगल्या की लाल कार्ड धरून बसलेला पुतण्या शेवटी उभाच राहिला. ‘म्हणजे’ मोजायचं काम भाचीकडे होतं, तिनं सर्वांत जास्त माझेच काढले.

पुण्याला जाणं-येणं असेल तर तिथं असे क्लब बरेच आहेत, पाहुणा म्हणून एकदा बसून या. नाहीतर गच्ची आहेच. फक्त जो बोललाय त्याला दोन गोष्टी नेमक्या सांगायच्या, एक जमलेली आणि एक न जमलेली. हे ठरवलं नाही तर नुसतं भडंगच संपतं.