आईच्या ड्रेसचं कॉर्सेट

आजचा दिवस आईच्या जुन्या रेशमी ड्रेसचं कॉर्सेट, म्हणजे मागून दोरीने आवळायची घट्ट चोळी, करण्यात गेला. जुनं रेशीम घडीच्या रेषेवर आधी विरतं, म्हणून त्या रेषा टाळून कापायचं आणि प्रत्येक तुकड्यामागे घट्ट विणीचं सुती कापड टाचून मगच शिवायचं. ताण अस्तराने घ्यायचा, रेशमाने नाही. कमरेला आतून न ताणणारी २ सेंमी रुंद पट्टी हवीच. आकार धरणाऱ्या स्टीलच्या पट्ट्या त्यांच्यासाठी शिवलेल्या खोबणीपेक्षा १ सेंमी आखूड ठेवा, नाहीतर टोकं कापड फाडून बाहेर येतात. मागे दोरीसाठी ५ सेंमी फट.

१९८७मध्ये ब्रिटिश फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवुडने कॉर्सेट कपड्यांच्या आतून बाहेर आणलं. लपवायची वस्तू मिरवायची झाली. म्हणून आईने हाताने शिवलेली काजं मी झाकली नाहीत, समोर छातीवरच घेतली.