डॉगरिज की ११० आर? खुंट वेलीची वाढ कशी ठरवतो

खरड छाटणीला, म्हणजे काड्या तयार करण्यासाठीच्या एप्रिलच्या छाटणीला, साठ दिवस झाले की द्राक्षबागेत शिरून एक काडी हातात घ्यावी. पेरा बोटभर लांब, काडी पेन्सिलीइतकी, म्हणजे ८ ते १० मिलिमीटर जाड आणि रंग हिरव्याकडून तपकिरीकडे झुकलेला असेल, तर ती ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर घड देणारी काडी आहे. पेरे लांबट, काडी १२ मिलिमीटरच्या पुढे गेलेली, शेंडा अजून पळतोय आणि बगलफुटी काढून काढून मजूर थकलेत, तर त्या काडीत घड कमी आणि पाला जास्त असतो. माती तीच, खत तेच, वाणही तोच, आणि तरी दोन बागांत हा फरक पडतो. त्याचं उत्तर बहुतेक वेळा जमिनीखाली, खुंटात, म्हणजे वाणाचं कलम ज्या दुसऱ्या वेलीच्या मुळांवर भरलेलं असतं त्यात सापडतं.

युरोपात १८६० च्या दशकापासून फायलोक्झेरा या मुळावरच्या किडीने बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा अमेरिकन खुंट वापरात आले. आपल्याकडे कारण वेगळं होतं. नाशिक, सांगली, सोलापूर, जुन्नर या भागांत पाण्याची ओढ आणि विहिरी-बोअरचं खारट पाणी यांनी स्वमुळावरच्या, म्हणजे कलम न केलेल्या, बागा खचू लागल्या, म्हणून आपण खुंटाकडे वळलो. त्यात डॉगरिज सर्वाधिक पसरला. हा टेक्सासकडचा, व्हायटिस चॅम्पिनी गटातला. मुळं दणकट, वाढ जोरदार, पाण्याचा ताण सोसणारा. ११० आर हा बर्लांडिएरी आणि रुपेस्ट्रिस या दोन रानटी अमेरिकन द्राक्षजातींचा संकर. रुपेस्ट्रिसची मुळं खाली घुसतात, रिपारिया या तिसऱ्या जातीची वर पसरतात. खोल मुरमाड जमिनीत कोण टिकेल, हे एवढ्यावरूनही कळतं. ११०३ पी आणि १४० आरयू हेही त्याच बर्लांडिएरी-रुपेस्ट्रिस घराण्यातले.

खुंट वेलीला जोम देतो तो तीन वाटांनी. पहिली वाट पाण्याची: मुळांचा पसारा जितका मोठा, तितकं दुपारच्या उन्हातही पानाला पाणी पोचतं आणि वाढ थांबत नाही. दुसरी वाट अन्नद्रव्यांची: कोणता खुंट नत्र, पालाश, मॅग्नेशियम, सोडियम किती उचलतो हे त्याचं त्याचं ठरलेलं असतं. एसओ४ सारख्या खुंटावर मॅग्नेशियमची कमतरता लवकर दिसते, ती यामुळेच. तिसरी वाट मुळांत तयार होणाऱ्या सायटोकायनिन या संप्रेरकाची आणि ताणाच्या वेळी वर जाणाऱ्या संदेशांची. डोळ्यात घड घडायला सायटोकायनिन लागतं आणि वाढीच्या शेंड्याला जोर देणारं जिबरेलिन त्याच्या उलट काम करतं.

डॉगरिजचं खरं दुखणं इथेच आहे. खरड छाटणीनंतर साधारण ३० ते ६० दिवसांत डोळ्यात सूक्ष्म घड तयार होतात. त्या काळात शेंडा पळत राहिला, पानावर पान पडून आतल्या डोळ्यांवर सावली आली, तर त्या डोळ्याचा घड न होता बाळी, म्हणजे नुसता वेलीचा ताणा, होते. खरड छाटणी मेच्या मध्यावर सरकली की हाच काळ जून-जुलैच्या ढगाळ हवेत येतो आणि जोमदार खुंटावर नुकसान दुप्पट होतं. म्हणून डॉगरिजच्या बागेत छाटणी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी, आणि नत्र व पाणी दोन्ही तिसाव्या दिवसापासून आवळावं. ९-१० पानं झाली की सातव्या पानावर शेंडा मारून सबकेन, म्हणजे त्या टोकाच्या डोळ्यातून पुढे वाढणारी उपकाडी, करावी, सबकेनवर पाच पानं आली की पुन्हा शेंडा मारावा. फळछाटणीला सबकेनच्या गाठीजवळचे डोळे राखायचे, कारण तिथे वाढ क्षणभर थांबलेली असते आणि घड तिथेच भरतो. चाळिसाव्या दिवसाच्या आसपास ६-बीए या सायटोकायनिनची १० पीपीएमची फवारणी मदत करते, पण सावलीतल्या डोळ्याला ती वाचवू शकत नाही.

जोम आवरायला शेतकऱ्याने वर्षानुवर्षं सीसीसीचा, म्हणजे क्लोरमेक्वाटचा, आधार घेतला. २०१० साली याच्याच अवशेषांमुळे युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले. माझ्या मते त्या घटनेचा अर्थ आपण अर्धाच घेतला. औषध कमी करा, हे सगळ्यांनी ऐकलं; मुळात एवढं औषध लागावं असा खुंट आपल्या जमिनीत का लावतो, हा प्रश्न मात्र मागे राहिला. भारी काळ्या जमिनीत, भरपूर कॅनॉलच्या पाण्यावर डॉगरिज लावला तर वाढ आवरण्यातच हंगाम जातो. तिथे ११० आर पुरेसा आहे. हलक्या, मुरमाड, उथळ जमिनीत थॉम्पसनसारखा वाण ११० आरवर मधेच अडखळतो, ओलांडे, म्हणजे वेलीचे कायमचे आडवे फाटे, भरत नाहीत; तिथे डॉगरिजच हवा.

खारटपणाचा हिशेब वेगळा. मातीच्या अर्काचा ईसी (क्षार किती ते सांगणारी विद्युतवाहकता) २ च्या वर आणि पाण्याचा १ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर स्वमुळाचा विचारच नको. पण डॉगरिजवर सगळं मिटतं असंही नाही. सोडियमच्या पाण्यावर काही वर्षांनी डॉगरिजच्या वेलीत सोडियम साठत जातो: आधी पानाच्या कडा करपतात, मग पान काळपट पडतं, शेवटी एखादा ओलांडा वाळतो. ११० आर सोडियम त्यामानाने कमी वर जाऊ देतो. देठ परीक्षणात सोडियम ०.५ टक्क्याच्या पुढे गेला की धोका समजावा. छाटणीनंतर पंचेचाळिसाव्या दिवशी काडीच्या बुडाकडून पाचव्या पानाचे देठ घ्यायचे. चुनखडी जास्त असलेल्या जमिनीत पालवी पिवळी पडत असेल तर १४० आरयूचा विचार करावा.

खुंट बरोबर निवडूनही कलमात चूक झाली तर वाढ तिथेच बसते. खुंटरोपं जानेवारी-फेब्रुवारीत लावली तर ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कलम भरता येतं. हवा दमट हवी. खुंटाची काडी ८ ते १० मिलिमीटर, कलमकाडी तेवढ्याच जाडीची, पक्की, दोन-तीन डोळ्यांची. पाचर साधारण ४ सेंटिमीटर लांब, दोन्ही बाजूंनी एका दमात कापलेली. साल आणि लाकूड यांमधला हिरवट थर निदान एका बाजूने तंतोतंत जुळला पाहिजे. काडी बारीक असेल तर ती मधोमध न ठेवता एका कडेला सरकवावी. पट्टी खालून वर घट्ट गुंडाळायची, पावसाचं पाणी आत शिरता कामा नये. त्यानंतर खुंटाचे फुटवे दर आठवड्याला काढत राहायचे. पंधरा दिवस दुर्लक्ष झालं तर खुंट स्वतःच वेल होऊन बसतो आणि कलम उपाशी राहतं.

आणखी एक चूक हमखास दिसते, आणि ती दोन-तीन वर्षांनी उघडी पडते. कलम जमिनीलगत भरलेलं असतं, मग बोद, म्हणजे ओळीतला मातीचा वरंबा, चढवताना जोड मातीत गाडला जातो. वरच्या वाणाला स्वतःची मुळं फुटतात आणि खुंट हळूहळू नुसता शोभेचा उरतो. ‘डॉगरिजवर असूनही वेल खारटपणाला बळी पडली’ अशी तक्रार असली की आधी जोड उकरून बघावा. जोडाच्या वर पांढरी मुळं दिसली तर ती छाटून माती खाली ओढावी. जाड झालेली मुळं एकदम न कापता दोन हंगामांत काढावीत. म्हणून कलम मुळातच फुटभर उंचीवर भरायचं, बोदाची अंतिम उंची धरून.

रोपं घेताना नुसत्या पाटीवर विसंबू नये. ११० आरचं पूर्ण वाढलेलं पान मूत्रपिंडाच्या आकाराचं, अखंड, गडद आणि चकचकीत असतं, कोवळी पानं तांबूस. डॉगरिजचा कोवळा शेंडा लवदार. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की नजर तयार होते. रोपांचा सौदा करण्याआधी माती-पाण्याचा अहवाल हातात हवा, आणि माती एक नव्हे तर दोन थरांतून घेतलेली: पहिला फूट वेगळा, दुसरा फूट वेगळा. वरचा थर गोडा आणि खाली चुनखडी, अशा जमिनी आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि खुंटाची मुळं तिसऱ्या वर्षी त्या खालच्या थरातच असतात.