तोफखाना केंद्रात बॅचचं रियुनियन: नॉमिनल रोल ते बडाखाना

आमच्या, म्हणजे तोफखान्यातल्या माजी सैनिकांच्या, बॅचचं रियुनियन नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात झालं. कुणाला करायचं असेल तर आधी ठरवा, जायचंय नेमकं कुठे. लोक सरसकट ‘देवळाली’ म्हणतात, आपल्यातलेही म्हणतात. पण रंगरूट (नवे भरती झालेले जवान) म्हणून आपण घडलो ते नाशिक रोड कॅम्पातलं केंद्र. 1941 मध्ये काकूलहून (आता पाकिस्तानात) देवळालीला आलेलं स्कूल ऑफ आर्टिलरी वेगळं. तिथे अधिकाऱ्यांचे आणि गनरी (तोफा चालवण्याचं तंत्र) शिकवणाऱ्या इन्स्ट्रक्टरांचे कोर्स चालतात. गेट वेगळं, परवानगीही वेगळी. एकाच अर्जात दोन्ही मागितलं की कागद नुसता फिरत राहतो. आम्ही केंद्रापुरतंच मागितलं. फायरिंग रेंजचं तर नावच काढू नये.

तारखेला सगळ्यांच्या तोंडी 28 सप्टेंबर येतो, म्हणजे गनर्स डे, तोफखान्याचा दिवस. 1827 मध्ये याच दिवशी मुंबई तोफखान्याची ती कंपनी उभी राहिली, जी आज 5 (बॉम्बे) माउंटन बॅटरी आहे. मान्य, पण त्या दिवशी केंद्राचे स्वतःचे कार्यक्रम असतात आणि नाशिकचा पाऊसही गेलेला नसतो. डिसेंबरचा पहिला पंधरवडा उत्तम. फक्त पहाटेची थंडी बोचरी, कानटोपी आणायला सांगावं. 26 जानेवारीच्या आधीचे दिवस परेडच्या तालमीचे, ते सोडा. सिंहस्थाच्या वर्षात लॉज मिळायची मारामार. आणि रविवार धरू नका, कारण पुढे येतं.

रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. म्हणजे परवानगी त्याच्या आत हातात हवी, नाहीतर पंजाब-बिहारकडची मंडळी तिकीट काढून बसतात आणि तारीख सरकली की रद्द करण्याचे पैसे अंगावर पडतात. उलटं मोजून अर्ज चार महिने आधी टाकावा.

खरी मेहनत नॉमिनल रोलची, म्हणजे येणाऱ्यांच्या नावांच्या यादीची. गेटवरचा संत्री आपली सर्व्हिस बघत नाही, यादी आणि कार्ड ताडून बघतो. रकाने असे: आर्मी नंबर, रँक, नाव, ट्रेड, रिटायरमेंटची तारीख, माजी सैनिक ओळखपत्राचा नंबर, आधार, मोबाइल, सोबतच्या कुटुंबीयांची नावं, गाडीचा नंबर. गोंधळ ठरलेल्या जागीच होतो. जो जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) झाला त्याचा नंबर बदलून ‘जेसी’ने सुरू होणारा झाला, पण बॅचमध्ये तो जुन्याच नंबराने ओळखला जातो. यादीत एक आणि कार्डावर दुसरा. नंबराच्या शेवटचं अक्षर लोक हमखास गाळतात. मराठी पोरांचं नाव डिस्चार्ज बुकात ‘पाटील शंकर’ आणि आधारवर ‘शंकर बाबूराव पाटील’. मानद कॅप्टन झालेल्याने सुभेदार लिहून पाठवलेलं असतं. फोनवर विचारून काही लिहून घेऊ नका. कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागवा आणि त्यावरून एकाच माणसाने टाइप करावं. तिघांनी केलेल्या तीन याद्या जुळवण्यापेक्षा हे लवकर होतं. यादी गेल्यावर नवं नाव घुसवायचं नाही, मग तो उस्ताद (आपला प्रशिक्षक) असला तरी. गाडीचंही तेच, मेहुण्याची गाडी ऐनवेळी आणली की ती बाहेरच राहते. ड्रोन आणू नये. फोटो जिथे सांगतील तिथेच.

आता रविवार का नको ते. आर्टिलरी रेकॉर्ड्स, म्हणजे आपल्या सर्व्हिसच्या नोंदी ठेवणारं ऑफिस, तिथेच कॅम्पात आहे, रविवारी ते बंद, आणि निम्म्या बॅचचं तिथे काहीतरी अडकलेलं असतं. सगळ्यात जास्त बायकोच्या नावाचं किंवा जन्मतारखेचं. भरती झाल्यावर लग्नाची पार्ट टू ऑर्डर (सर्व्हिस रेकॉर्डमधली अधिकृत नोंद) बायकोच्या माहेरच्या नावाने निघाली, आधारवर सासरचं नाव आलं. जिवंत आहोत तोवर कुणाला टोचत नाही, फॅमिली पेन्शनच्या वेळी मात्र त्या बाईला वर्षभर फिरावं लागतं. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), दोघांचं आधार आणि पॅन, प्रतिज्ञापत्र, जोडफोटो, सगळ्याच्या दोन-दोन प्रती न्याव्यात. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून आधीच शिक्का मारून आणलेला बरा. काम त्याच दिवशी होत नाही, पण पोच घेऊनच बाहेर पडा. दुरुस्ती निघाली की स्पर्श या पेन्शन पोर्टलवरही ती दिसते का, बघत राहावं लागतं. आमच्या मते रियुनियनचा खर्च एवढ्याने वसूल होतो.

युद्धस्मारकावर पुष्पचक्राची रिबन आधी छापून घ्या, मजकूर दोन ओळींपेक्षा मोठा नको. ब्लेझर, टाय, डाव्या छातीवर मेडल, नेव्ही ब्लू बेरे (लष्करी गोल टोपी). डोक्यावर बेरे नसेल तर हाताने सॅल्यूट नाही, सावधान उभं राहायचं. हे सांगूनही दोघेतिघे विसरतातच. ज्यांचे गुडघे गेलेत त्यांच्यासाठी मागे खुर्च्या मांडायला सांगा.

संग्रहालयाला दोन तास ठेवा, अर्धा तास पुरत नाही. 25 पाउंडर ही जुनी तोफ दिसली की कोण नंबर तीन, म्हणजे नेम धरणारा लेयर, होता आणि कोण गोळा भरणारा लोडर, यावर वाद पेटतोच. प्रजासत्ताक दिनाच्या 21 तोफांच्या सलामीतून ही तोफ 2023 मध्ये गेली आणि 105 मिमीची तोफ आली, त्यामुळे नातवंडांना ती इथेच दाखवायची. रंगरुटांशी बोलायला मिळालं तर दहा मिनिटं, त्यांचा पिरियड मोडू नये.

बडाखान्यात, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र जेवणात, माइक हवाच. तोफेपाशी वर्षं काढलेल्यांचे कान गेलेले असतात. माइक नसेल तर सगळे एकदम ओरडतात आणि कुणालाच काही कळत नाही. रमचा हिशोब: 750 मिलीच्या बाटलीत 60 मिलीचे बारा पेग, माणशी दोन धरा, कारण निम्म्यांना डॉक्टरने बंद केलेली असते. मटण जितकं धराल त्याच्या तीन चतुर्थांशच संपतं, भाकरी-पिठलं मात्र कमी पडतं. पैसे दोघांच्या जॉइंट खात्यात, यूपीआयच्या शेऱ्यात आर्मी नंबर लिहायला लावा. बॅचमध्ये चार शिंदे आणि सहा सिंग असतात. ईसीएचएस कार्ड (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) आणि रोजच्या गोळ्या खिशात, बॅगेत नको, कारण बॅगा लॉजवर राहतात. त्याच दिवशी परतायला पंचवटी एक्स्प्रेसची तिकिटं काढू नका. ती मुंबईला जाते सकाळी आणि बडाखाना असतो रात्री.